तुळशीच्या वरची जागा

कमरेवर टॅटू काढून घ्यायला मुलगी आली की कागदावर नक्षी काढतानाच मी मधोमध, मणक्याच्या रेषेवर, बोटभर पट्टी कोरी सोडते. वेल असेल तर ती दोन्ही बाजूंनी येऊन तिथं थांबते. पाखरं असतील तर एक इकडं, एक तिकडं. "मधे रिकामं का?" असं बहुतेक जणी विचारतात. मी म्हणते, असंच छान दिसतं. खरं कारण सांगायला संकोच वाटतो. समोरची मुलगी कॉलेजात असते, सोबत तिची मैत्रीण असते आणि मी एकदम बाळंतपणाचा विषय काढणं बरं दिसत नाही. ते कारण इथं लिहिते. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, हे मला सोयीचं आहे.

माझा स्टुडिओ क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, चित्रकलेत बरी होते, आणि घरच्यांना वाटायचं मुलगी इमारतींचे नकाशे काढेल. आई अजूनही नातेवाइकांना "ती डिझाइनमधे आहे" एवढंच सांगते. ते खोटं नाही, म्हणून मीही दुरुस्त करत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हे चित्र काढायचं काम वाटतं. चित्र हा त्यातला सोपा भाग. अवघड असते ती कातडी. तिचा वरचा थर रोज झिजतो, तिथं शाई ठेवली तर थोड्या दिवसांत निघून जाते. जास्त खोल गेली तर आतल्या आत पसरते आणि रेघ सुजल्यासारखी जाड दिसते. शाई बसवायची ती मधल्या थरात. तो थर डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो, आणि प्रत्येकाचा वेगळा कळतो. शेतात राबलेल्या माणसाच्या दंडावर सुई वेगळी चालते, एसीत बसणाऱ्याच्या दंडावर वेगळी. सुरुवातीला मी रबराच्या खोट्या कातडीवर हात बसवला, मग स्वतःच्या मांडीवर. त्या मांडीवरचं चित्र मी कुणाला दाखवत नाही.

मी फारशी बोलत नाही, त्यामुळं गिऱ्हाइकं बोलतात. सुईखाली माणूस कसा वागेल हे त्याच्या अंगकाठीवरून सांगता येत नाही. कुणी पाढे म्हणतं, कुणी मेव्हण्याला शिव्या देतं. एक गृहस्थ मुहूर्त काढून आले होते. पहिली सुई त्या घटकेलाच टेकली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. नेमकी वीज गेली. ते अंधारात हात पुढं करून बसून राहिले आणि म्हणाले, "मॅडम, नुसती टेकवून तर ठेवा." मी टेकवून ठेवली. वीज येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

वैशाली आली ती एकटीच. पैठणकडच्या एका गावातलं मेंढरं राखणारं कुटुंब, वडील अजून कळपामागं. ती बजाजनगरला थोरल्या बहिणीकडं राहून वाळूजच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची. लग्न ठरलं होतं.

"ताई, मला गोंदण पाहिजे," ती म्हणाली. "पण दिसलं नाही पाहिजे."

मग तिनं उलगडून सांगितलं. होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला होता की गोंदल्याबिगर सुनेच्या हातचं पाणी आपण पिणार नाही. त्यांच्याकडं ती रीतच होती. इकडं कंपनीत लाइनवरच्या पोरी तिला आधीच 'मेंढरं' म्हणून चिडवायच्या. कपाळावर नाहीतर हातावर हिरवं गोंदून गेली असती तर तिचं जगणं मुश्किल झालं असतं.

"मग कुठं काढायचं?"

तिनं मागं कमरेवर हात ठेवला. "इथं. गोंदलं का, तर गोंदलं."

वकिलाला सुचावा असा तोडगा होता. मला तो फार आवडला.

नमुना म्हणून तिनं फोनवर आईच्या हाताचा फोटो दाखवला. त्यावर गोंदणातली तुळस होती: खाली चौकोन, मधे एक रेघ, दोन्ही बाजूंना ठिपके. बस्स. मला ती अपुरी वाटली. मी वृंदावनाला भरीव पाया दिला, पानं छायेनं भरली, खोड बरोबर मणक्यावरून वर नेलं आणि मंजिरीच्या वर पांढऱ्या शाईचे बारीक ठिपके उधळले, उजेड पडल्यासारखे. काम माझ्या मते उत्तम झालं. जुन्या बायका ठिपक्या-ठिपक्यांच्या मधे मोकळी कातडी का सोडत असतील, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

वैशाली पालथी पडून पुटपुटत होती. "लाल, काळी, पिवळी, क्लिप. लाल, काळी, हिरवी, टेप." लाइनवर वायरी ज्या क्रमानं बांधायच्या तो क्रम. मधून मधून "थांबा" म्हणायची, मी थांबायचे. एक सुस्कारा सोडायची आणि म्हणायची, "हां, घ्या."

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी जिन्यावर जोरजोरात बांगड्या वाजल्या आणि एक बाई आत आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. मागून वैशाली, खाली मान घालून हसू दाबत.

"कोण ती गोंदणारी? तू व्हय?" त्या मला म्हणाल्या. ह्या गयाबाई, तिच्या सासूबाई. "लई लहान दिसायली. पोरी, हातानं वाढायचं म्हणून हात गोंदायचा असतो. ही काय कंबरेनं पाणी देणार हाय का मला?"

बाकावर दोन कॉलेजची मुलं वाट बघत बसली होती. ती खो-खो हसली. मी लाल झाले असणार.

"आत्या, गोंदल्याशी मतलब," वैशाली म्हणाली. "तुम्ही जागा कुठं सांगितली होती?"

"जागा सांगावी लागती का? उद्या म्हणशील, जेवायला या म्हणले, पण तोंडानं जेवा कुठं म्हणले!"

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकेल असा एकच ठिपका, ह्यावर दोघी राजी झाल्या. गयाबाईंनी स्वतः बोट ठेवून जागा दाखवली. ठिपका झाल्यावर त्यांनी तिथल्या तिथं सुनेकडून माझ्या कूलरमधलं पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायलं. हिशेब मिटला.

"पाठीवरचं बघायचंय का, मावशी?" मी धीर करून विचारलं. कामाचा अभिमान, दुसरं काय.

"मी कशाला बघू? बघंल की ज्याला बघायचं तो," त्या म्हणाल्या. ती मुलं पुन्हा हसली.

त्यानंतर वैशाली आली ती पोट दिसायला लागल्यावर. आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, ते पुसून द्या."

मला वाटलं घरात काही झालं. तसं नव्हतं. मूल होऊ द्यायच्या आधी तिनं नवऱ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. बाळंतपणात कमरेत इंजेक्शन देऊन कळांचं दुखणं कमी करतात, ते आपल्याला मिळालं पाहिजे. नवरा हो म्हणाला होता. आणि आता दवाखान्यात वजन करताना कुणीतरी तिची पाठ बघून म्हणालं होतं, "एवढा मोठा टॅटू? मग नाही देत ते इंजेक्शन."

"पुसता येत नाही गं," मी म्हणाले. "लेझरला पुष्कळ वेळा जावं लागतं. आणि ह्या दिवसांत तुला कुणी हातही लावणार नाही."

ती खाली बघत बसली. धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "तू तर सुईखाली हूं की चूं केलं नव्हतंस."

"तुम्हाला थांबा म्हटलं की तुम्ही थांबायच्या," ती म्हणाली. "ते थांबत नाही, ताई. माझ्या बहिणीच्या वेळेला मी जवळ होते. शेवटी शेवटी ती मला ओळखतसुद्धा नव्हती. मी तिच्या तोंडावर माझं नाव सांगत होते."

दुखण्याविषयी मी रोज कानांनी ऐकते, हातानं देते. पण माझ्या कामात दुखणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या एका शब्दावर बंद होणारी गोष्ट आहे, हे मला तोवर कुणी असं सांगितलं नव्हतं.

"तुम्ही चला माझ्यासोबत," ती म्हणाली. "भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम इंग्लिश बोलतात. मला विचारता येत नाही."

अनोळखी माणसांशी बोलायला मला नको वाटतं, तरी गेले. वाटेत मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी वैशालीची पाठ उघडी केली आणि म्हणाल्या, "अरे वा, तुळस! लई भारी काढलीय. कुणी काढली?" माझी वाक्यं तशीच राहिली.

त्यांनी सगळं नीट समजावलं. कमरेत मणक्यांच्या मधे सांधीसारखी जागा असते. तिथून सुईनं आत एक बारीक नळी सरकवायची आणि त्यातून थोडं थोडं औषध द्यायचं. बाई जागी असते, बोलते, पोट कडक झालेलं तिला कळतं, दुखणं मात्र पुष्कळ कमी होतं. टॅटू असला म्हणून नाही म्हणायचं, असं काही नाही. जुनी, भरलेली शाई असेल तर त्यातून सुई घातल्यानं नुकसान झाल्याचा पुरावा त्यांना माहीत नव्हता. "पण सुईबरोबर रंगाचा कण आत जाऊ नये म्हणून मी होईल तेवढी शाई टाळते," त्या म्हणाल्या. "कोरी जागा मिळाली तर कोऱ्या जागेतून जायचं."

बोटांनी मणके चाचपत त्या वर सरकल्या. "इथं, तुळशीच्या वर जागा आहे. मस्त आहे."

"तिथं पण शाई आहे," मी म्हणाले. "पांढरी. आता दिसत नाही. मी ठिपके टाकलेत."

त्यांनी दिवा जवळ ओढला, कातडी ताणून पाहिली. "खरंच की. कुठपर्यंत?"

मी बोटानं दाखवलं. माझ्या त्या उजेडानं चांगली जागा खाल्ली होती. तिच्या वर आणखी एक जागा होती. "चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण तिथं मला फार इकडं-तिकडं करता येणार नाही. त्या दिवशी हिनं पाठ नीट वाकवली पाहिजे आणि हलता कामा नये. कळा चालू असताना ते सोपं नसतं, वैशाली."

वैशाली मान हलवत राहिली.

वैशालीचा दवाखान्यातून फोन आला तो सकाळी, मी स्टुडिओ उघडत असताना. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, तो निघाला होता पण पोचायचा होता. "ताई, या. ते पांढरे ठिपके दाखवायला या," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य कळेत बुडालं.

मला टोपी-मास्क घालून आत घेतलं. ठिपके कुठं संपतात ते मी दाखवलं, डॉक्टरांनी पेननं खूण केली. वैशाली पलंगाच्या कडेला पाठ करून बसली होती, घामानं चिंब. कळ आली की तिची पाठ धनुष्यासारखी उलटी ताणली जायची. पुढं वाकायचं तर ती मागंच जायची. "आता नको, आता थांब, आता वाक," सिस्टर सांगत होत्या, आणि तिला ते ऐकू जात नव्हतं. डॉक्टर हातमोजे घालून थांबल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत शंका दिसायला लागली होती, आणि मला ती दिसली ह्याचं मला वाईट वाटलं.

तेवढ्यात गयाबाई आत शिरल्या. त्यांनी ती तुळस पहिल्यांदाच पाहिली. त्यांचे हात आपसूक जोडले गेले, आणि सुई दिसल्याबरोबर सुटले.

"तुळशीतून सुई नाय घालायची," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाच्या टायमाला तुळस नाय फोडायची. अन् त्या इंजेक्शनानं कंबर जाती जल्माची. आमच्या गल्लीत समदे म्हणतेत."

"मावशी, मलाही तुळशीतून नाही घालायची," डॉक्टर म्हणाल्या. "वरून घालणार आहे. ही खूण बघा. पण ही वाकली पाहिजे."

"नकोच म्हणते मी. आमाला काय लेकरं झाली नाय का?"

वैशालीनं मान वळवली. चेहरा ओळखू येत नव्हता. "आत्या," ती म्हणाली, "तुमच्यासाठीच गोंदलं होतं ना मी? मग आता त्याच्यापायी मला मारता का?"

गयाबाई खुणेकडं बघत होत्या, मग तुळशीकडं, मग पुन्हा खुणेकडं. किती अंतर आहे ते जोखत असाव्यात.

"टोपी द्या मला," त्या सिस्टरला म्हणाल्या.

टोपी-मास्क घालून त्या वैशालीच्या समोर उभ्या राहिल्या. त्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली होती. व्यायला आलेल्या मेंढीला कसं धरायचं ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, दोन्ही हात तिच्या मानेमागून फिरवले आणि अंगाचं सगळं वजन देऊन तिला पुढं ओढून घेतलं. "वाक. आणखी वाक. माह्यावर पड, मी नाय पडत. आता तुझं ते वायरीचं म्हण."

"लाल," वैशाली म्हणाली. "काळी. पिवळी. क्लिप."

पाठ गोल झाली. मणके एकेक करून वर आले. डॉक्टरांनी एकदा श्वास सोडला आणि सुई खुणेवर टेकवली. मी कातडीखाली सुई घालणारी मुलगी, पण मला बघवलं नाही. मी भिंतीवरच्या प्लगकडं बघत राहिले. "हिरवी. टेप," ऐकू येत होतं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "झालं. नळी गेली. हलू नको, चिकटपट्टी लावते."

मला आणि गयाबाईंना बाहेर बसवलं. औषध चढायला थोडा वेळ लागतो असं सांगितलं होतं. आधी आतून कण्हणं येत होतं. मग ते विरळ झालं. मग थांबलं.

शेजारच्या खोलीतली बाई आईच्या नावानं हंबरडा फोडत होती. आमच्या दारामागं सामसूम.

"ओरडत का नाय ती?" गयाबाई म्हणाल्या.

"दुखत नसेल, मावशी."

"दुखत नसंल तर लेकरू कसं व्हईल? कळा थांबल्या का काय! मेंढी अशी गप झाली म्हंजे काय समजायचं असतं, म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी सांगत राहिले की डॉक्टर आत आहेत. मी सांगितलेलं कुणाला पटत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. त्या उठल्या आणि दारावर थापा मारायला लागल्या. सिस्टर वैतागून आल्या, पण त्यांनी आत घेतलं.

बऱ्याच वेळानं गयाबाई बाहेर आल्या. टोपी तशीच, कानावर ओढलेली.

"काय झालं?"

"तिथं मशीन हाय. कळ आली की रेघ वर चढती. ही एवढाली. डोंगरावानी." त्या बाकावर बसल्या. "रेघ चढायली, अन् ही मला म्हणती, आत्या, तुम्ही चहा घेतला का?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. मग कमरेच्या पिशवीतून त्यांनी फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. "सुमीला लाव. माही लेक. गंगापूरला दिलीय. तिलाबी दिवस गेलेत."

मी लावून दिला. त्या जोरात बोलल्या, सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं.

"सुमे, ऐक. दिवस भरले की डॉक्टरला म्हण, मला ते कंबरेतलं इंजेक्शन पाहिजे... व्हय, मीच म्हणले व्हते कंबर जाती म्हणून. मी काय घेऊन बघितलं व्हतं का? आता मीच म्हणायले, घे... तुही सासू नाय म्हणली तर फोन दे तिला. मी बोलते... नाय, अजून नाय झाली. बसलीय आरामात... अन् सुमे, कंबरेवर काय गोंदू-बिंदू नको. आदुगरच सांगायले."

वैशालीचा नवरा तोवर पोचला होता, कंपनीच्याच कपड्यांत. तो दाराशी उभा राहून "कशी आहे, कशी आहे" विचारत होता, आणि त्याची आई त्याला "गप बस, झोपलीय ती" म्हणून दटावत होती. दोन वेळा चहा झाला. शेजारची बाई बाळंत होऊन तिच्याकडं पेढे आले. गयाबाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, पदराच्या टोकात बांधून ठेवला. दर थोड्या वेळानं त्या दाराला कान लावत होत्या. आत डॉक्टर काहीतरी सांगत होत्या आणि वैशाली "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होती. तिचं म्हणणं स्वच्छ ऐकू येत होतं.

दुपार कलता कलता त्या खोलीतून पहिल्यांदा कुणीतरी खच्चून ओरडलं. बाळ होतं. थांबायला तयार नव्हतं.

गयाबाई खाली बसल्या, पदराची गाठ सोडली आणि पेढा मोडून अर्धा मला दिला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता कसं बाळंतपण झाल्यावानी वाटायलं."